दुसऱ्याच्या बोलीतलं पाणी

आमच्या सरांच्या वर्गात पाणी प्यायचं असेल तर ते स्वतःच्या बोलीत मागायचं नाही, असा नियम होता. दुसऱ्याच्या बोलीत मागायचं. तांड्यावरच्या प्रेमसिंगनं कधी शबानासारखं मागायचं, शबानानं कधी माझ्यासारखं, मी कधी प्रेमसिंगसारखं. उच्चार चुकला की सर कानामागे हात धरून म्हणायचे, "पुन्हा म्हण." परत चुकलं की परत. ज्याची बोली असेल त्यानं "बरोबर" म्हटलं की मग सर दाराकडे बोट करायचे, "जा, पे." तोवर घसा कोरडा.

आता हे कुणाला सांगितलं तर हसतात. माझा नवरा म्हणतो, तुझे सर अर्धवट होते. होतेच बावा! पण त्यांच्या अर्धवटपणाला एक कारण होतं आणि ते कारण मला माहीत आहे, कारण त्यात मीही होते.

सर उंच, थोडे पोक काढून चालणारे. डोक्याला पांढरा दुपट्टा, खिशात फुटाणे. त्यांच्या सायकलची घंटी कधीकाळी चोरीला गेली होती, ती त्यांनी परत बसवलीच नाही. तोंडानं वाजवायचे. गावातून जाताना, "सरका बे, मास्तर येऊन राह्यला!" मशिदीपाशी, "बाजू हो जाओ मियाँ, मास्तर आया!" तांड्याच्या वळणावर, "मास्तर आयो, मास्तर आयो!" माझे बाबा गावचे पोस्टमास्तर. ते एकदा म्हणाले, "सर, पाच-पन्नास रुपयांची तर घंटी येते." सर म्हणाले, "घंटीले एकच बोली येते ना भाऊ."

गाव घाटंजीच्या पलीकडे, रान सुरू होतं तिथलं. टेकडीच्या अंगाला कोलामांची वस्ती, म्हणजे पोड, नाल्याच्या काठानं गोंडांची घरं, रस्त्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा, मधे कुणब्यांची आळी आणि बौद्धवाडा, मशिदीमागे पिंजाऱ्यांची आठ-दहा घरं. आणि पोस्टाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही. या सगळ्या घरांतली पोरं जिल्हा परिषदेच्या दोन खोल्यांत एकाच पट्टीवर बसायची. आईला ते अजिबात पसंत नव्हतं. ती यवतमाळची. तिचं म्हणणं, मुलीला घाटंजीच्या इंग्रजी शाळेत घाला, पिवळी बस येते. बाबा म्हणायचे, "बदली होईपर्यंत राहू दे ना इथं." आईनं मग माझ्या गळ्यात निळी वॉटरबॅग अडकवली आणि बजावलं, "आपलंच पाणी प्यायचं. कुणाला द्यायचं नाही आणि कुणाचं घ्यायचं नाही."

मी तिसरीत होते. पहिली आणि तिसरी एकाच खोलीत बसायची, दोन्ही वर्गांना मिळून आमचे सर. पहिल्याच दिवशी मी उभी राहून म्हटलं, "सर, मी पाणी प्यायला जाऊ का?" अख्खा वर्ग हसला. प्रेमसिंग म्हणाला, "हे तं पुस्तकातून बोलून राह्यली!" मला इतका राग आला की मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही.

माझ्या शेजारी पोडावरची सोमी बसायची. पहिलीतली, एवढीशी, डोळे मात्र मोठे. ती बोलायचीच नाही. हजेरीत नाव घेतलं की नुसती उभी राहायची. सरांनी तिच्या नावापुढे शिसपेनीनं "बोलत नाही" असं लिहून ठेवलं होतं. सर तेच, पण अजून नंतरचे आमचे सर झाले नव्हते. तेव्हा ते चारचौघांसारखे मास्तर होते. छडी होती, ओरडणं होतं, आणि बाराखडी यायलाच हवी असा हट्ट होता.

ती कापसाची वाईट वर्षं होती. पांढऱ्या गाड्या धूळ उडवत यायच्या, पेपरवाले फोटो काढून जायचे, आणि मोठी माणसं ओट्यावर बसून हळू आवाजात बोलायची. 'इहीर' हा शब्द त्या वर्षांत आमच्याकडे साधा राहिला नव्हता. पुस्तकात विहीर, आमच्या तोंडी इहीर. शाळेच्या मागे एक जुनी, कठडा नसलेली इहीर होती. त्या दिवाळीनंतर गावातला एक माणूस तिच्यात सापडला. तेव्हापासून सरांनी नियम केला, की त्या बाजूला कुणी फिरकायचं नाही. कुणी नुसतं तिकडे पाहिलं तरी त्यांचा आवाज चढायचा. आता मला कळतं, ते घाबरलेले होते.

मार्चातली एक दुपार. सकाळची शाळा सुरू व्हायला दोन दिवस होते. पत्रे तापले होते, फळ्यावरचा खडूही गरम लागत होता. सोमी उठून उभी राहिली. पहिल्यांदाच तिच्या तोंडून आवाज निघाला. म्हणाली, "ईर."

सरांनी मान वर केली. "काय?"

"ईर," ती म्हणाली आणि दाराबाहेर बोट केलं.

दाराबाहेर व्हरांड्यात पाण्याचा रांजण होता. पण त्याच रेषेत, मागे, ती इहीरही होती. सर एकदम उठले. "इहिरीवर जायचं नाही! कितीदा सांगितलं? बस खाली!"

ती बसली. थोड्या वेळानं पुन्हा उठली. "ईर." सरांनी छडी टेबलावर आपटली. "इहिरीवर कायले जातं तू? काय हाय तिथं? उभी राह्य तिकडं, भिंतीपाशी!"

सोमी भिंतीपाशी उभी राहिली. तिथं खिडकीतून ऊन यायचं. तिनं आणखी दोनदा म्हटलं, आता सरांकडे नाही, माझ्याकडे बघून. माझ्या गळ्यात वॉटरबॅग होती, अर्धी भरलेली. मला शब्द कळला नव्हता, खरं सांगते. पण तिचे सुकलेले ओठ मला दिसत होते, आणि ती माझ्या वॉटरबॅगकडे बघत होती हेही दिसत होतं. आईनं सांगितलं होतं, कुणाला द्यायचं नाही. मी वॉटरबॅग मांडीवरून पाठीमागे घेतली.

मग ती पडली. आवाजसुद्धा झाला नाही. सरांनी तिला उचललं, व्हरांड्यात नेलं, रांजणातलं पाणी तोंडावर मारलं. डोळे उघडताच तिनं दोन्ही हातांनी सरांच्या हातातला पेला ओढला आणि घटाघटा प्यायली. पेला रिकामा करून म्हणाली, "ईर." पुन्हा भरून दिला. पुन्हा, "ईर." तिसऱ्या पेल्याला सरांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. माझ्या बाबांचाही तसा चेहरा मी कधी पाहिला नाही.

दुसऱ्या दिवसापासून सोमी आली नाही.

सर रोज हजेरीत तिचं नाव घ्यायचे. नाव घेऊन दाराकडे बघायचे आणि थांबायचे. आम्ही सगळे दाराकडे बघायचो. मग पुढचं नाव. "बोलत नाही" हे त्यांनी खोडलं होतं, इतकं जोरात की कागद फाटला होता. छडी कुठं गेली कुणास ठाऊक, पुन्हा दिसली नाही. रविवारी ते सायकलवर पोडाकडे जाताना दिसायचे आणि तासाभरानं परत येताना. परत येताना तोंडानं घंटी वाजवायचे नाहीत. तीन रविवार असं झालं.

चौथ्या रविवारी सकाळी ते पोस्टात आले. बाबांना म्हणाले, "तुमची पोट्टी द्या आज मले. सोमीची जोडीदारीण म्हून तरी तिची आजी बोलन."

आई आतून म्हणाली, "पोडावर? आमची मुलगी?"

तेव्हा मी रडायला लागले आणि सगळं सांगून टाकलं. वॉटरबॅग मागे घेतली तेसुद्धा. मला वाटलं, आई रागावणार. पण तिनं खुंटीवरची वॉटरबॅग काढली, धुतली, माठातल्या गार पाण्यानं काठोकाठ भरली आणि माझ्या गळ्यात घालून म्हणाली, "हे तिला दे. मी सांगितलं म्हणून सांग." माझी आई तेव्हा मला जितकी आवडली तितकी नंतर क्वचितच आवडली असेल.

पोडावर सोमीची आजी मोहाखाली बसली होती. सोमी तिच्या मागे, पदराआड. आजीला आमची भाषा बरी येत होती. सर जमिनीवर बसले. म्हणाले, "आजी, पोरीनं पाणी मागितलं, मी इहीर ऐकलं."

"हे तुमी तीनदा सांगून गेले," आजी म्हणाली. "आमच्या पोडात पाणी मागा लागत नाई, मास्तर. आलेल्या माणसाले आधी पाणी, मंग गोष्ट."

मला एकदम लक्षात आलं, या माणसाला इथं तीन रविवारांत कुणी पाणी दिलेलं नाही.

आजीनंच विचारलं, "तहान लागली का?"

"लागली."

"मंग मागा. आमच्या बोलीत मागा. आमची पोट्टी तुमच्या शाळेत उभी राहून मागत होती ना?"

सरांनी घाम पुसला, विचार केला आणि म्हणाले, "येर."

आजी तोंडाला पदर लावून हसली. "ते गोंडाइचं. आमचं सांगा."

"इर."

पदराआडून एक हसू ऐकू आलं. मग तो आवाज, बारीक, पण ठाम. "ईऽर."

"ईर," सर म्हणाले. "बरोबर?"

पदराआड मान हलली. नाही.

"ईर. बरोबर?"

नाही.

पन्नाशीला आलेला तो माणूस सहा वर्षांच्या पोरीपुढे मांडी घालून बसला होता आणि एकच शब्द घोकत होता. किती वेळा म्हणाले मी मोजलं नाही. शेवटी सोमी आजीच्या मागून बाहेर आली, कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभी राहिली, त्यांचं तोंड नीट बघितलं आणि म्हणाली, "बरोबर."

तिच्या तोंडून आम्ही ऐकलेला तो पहिला मराठी शब्द. आजी उठली आणि तांब्या घेऊन आली. सर पाणी प्यायले आणि दुपट्ट्यानं तोंड पुसता पुसता डोळेही पुसून घेतले. मी वॉटरबॅग सोमीला दिली. तिनं झाकण भरून घेतलं, प्यायली, मग परत झाकण भरलं आणि माझ्यापुढे धरलं. मी प्यायले. आईचा नियम तिथं मोडला, तो कायमचाच.

सरांनी सोमीची माफी मागितल्याचं मी कधी ऐकलं नाही. त्यांनी तिच्याकडे पाणी मागितलं. सोमवारी ती शाळेत आली आणि त्याच दिवशी तो नियम सुरू झाला.

मग काय गंमत सांगू! प्रेमसिंगला "पाणी प्यायला जाऊ का" म्हणता यायचं नाही, "पाणी प्याले जाऊ का" यायचं, आणि मी परीक्षक. पहिल्या दिवसाचा सगळा राग मी वसूल केला. दहा वेळा म्हणायला लावलं. त्यानं दुसऱ्या दिवशी मला "पाणी पियेन जाऊं" वर पंधरा वेळा अडवलं. शबाना मात्र सगळ्यांना एका झटक्यात "बरोबर" म्हणून सोडायची, म्हणून ज्याला खूप तहान लागलेली असेल तो तिच्याच बोलीत मागायचा. सरांच्या हे लक्षात आलं. "अबे, एकाच दुकानावर कायले गर्दी करता!" म्हणून त्यांनी वार लावून दिले. सोमवार कोलामी, मंगळवार तांड्याची गोरबोली, असे. सरांची एक वही होती, वर लिहिलेलं, 'मले न येणारे शब्द'. ती त्यांनी तीन वर्षांत भरवली आणि दुसरी केली. म्हणायचे, "मी तं इथं शिकाले येतो. तुम्ही पोट्टे मास्तर आहा."

माझी वॉटरबॅग ते रोज सकाळी मागून घ्यायचे आणि रांजणात ओतायचे. ढवळायचे आणि म्हणायचे, "आता निवड तुह्यं कोणतं ते." आई रोज भरून द्यायची, तिला माहीत होतं कुठं जातं ते.

एकदा वरचे साहेब तपासणीला आले. उन्हात मोटारसायकलवर. खुर्चीत बसताच म्हणाले, "पाणी आणा रे."

कुणी हललं नाही. सोमवार होता. सर अदबीनं म्हणाले, "साहेब, आज कोलामी हाय."

साहेबांना आधी वाटलं, कोलामी म्हणजे गावचा एखादा सण आहे. मग सगळा प्रकार समजावून सांगितला. साहेब भले होते की तहान फार होती, देव जाणे. त्यांनी रुमालानं मान पुसली आणि म्हटलं, "इर." सोमी उठली. कमरेवर हात. "पुन्हा म्हण."

साहेबांना अरेतुरे! आमचा जीव खाली-वर. साहेबांनी चार वेळा म्हटलं, तेव्हा कुठं पाणी मिळालं. जाताना शेरेबुकात लिहून गेले, की विद्यार्थ्यांस व अभ्यागतांस पाण्यासाठी ताटकळत ठेवले जाते. सरांनी त्याखाली लाल पेनानं लिहिलं, 'बरोबर'.

बाबांची बदली झाली आणि आम्ही यवतमाळला आलो. मोठ्या शाळेत गेले. तिथं सगळ्या मुली माझ्यासारखंच बोलायच्या. पहिल्या दिवशी मी पाणी मागितलं, कुणी हसलं नाही, कुणी दुरुस्तही केलं नाही. बाईंनी नुसती मान हलवली. मला इतकं एकटं वाटलं की मी नळाशी उभी राहून रडले.

आज मी बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसते. दिवसभर माणसं येतात. मुकुटबनची गाडी, बोरी अरबची गाडी. कुणी खिडकीपाशी येऊन नुसतंच उभं राहिलं, ओठ हलवून गप्प झालं, की शेजारचे म्हणतात, पुढे व्हा हो. मी म्हणते, थांबा. कानामागे हात धरते आणि म्हणते, "पुन्हा म्हणा." माझ्या हातून हे आपोआप होतं. प्रत्येक वेळी कळतंच असं नाही. पण नीट ऐकलं नाही तर काय होतं ते मी भिंतीपाशी पाहिलेलं आहे, आणि ते मला परत बघायचं नाही.

गेल्या मेमध्ये सोमीचा फोन आला. ती आता तिच्याच पोडावर अंगणवाडीत आहे. पोरांना गाणी शिकवते, मला अजून एकेरीत दटावते. म्हणाली, "सरले झटका आला, उजवा हात गेला. जाऊन येऊ."

सरांचं घर घाटंजीत आहे. आम्ही पोचलो तेव्हा बारा वाजले होते. सर खिडकीशी खुर्चीत बसले होते. पोक आणखी वाढलेलं, दुपट्टा मात्र डोक्याला होताच. आम्हाला बघून डोळ्यांत ओळख आली, तोंड उघडलं, पण शब्द निघाला नाही. त्यांची सून हळू आवाजात म्हणाली, "बोलणं सगळं गेलं हो. एकच शब्द राहिला. दिवसभर इहीर, इहीर करतात आणि बाहेर बोट दाखवतात."

खिडकीबाहेर अंगण होतं. अंगणात नळाखाली माठ होता, आणि मागे घराची जुनी इहीर. तिच्यावर नवीकोरी लोखंडी जाळी.

"आम्ही तर घाबरूनच गेलो," सून म्हणाली. "या वयात काय मनात घेतलं असेल! ह्यांनी लगेच जाळी बसवली. मी तर एक मिनिट एकटं सोडत नाही." चांगली पोरगी होती. डोळ्यांखाली जागरणाचे काळे डाग होते.

तेवढ्यात सरांनी डावा हात उचलला. बाहेर बोट केलं.

"ईर."

सून लगबगीनं पुढे झाली आणि त्यांचा हात प्रेमानं खाली करत म्हणाली, "नाही बाबा. इहिरीवर जायचं नाही."

मी सोमीकडे बघितलं. सोमी माझ्याकडे बघत नव्हतीच. ती अंगणात गेली होती. माठातून पेला भरून आली, सरांच्या खुर्चीसमोर जमिनीवर मांडी घातली आणि पेला दोन्ही हातांत धरून थांबली.

"पुन्हा म्हणा, सर."

सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. ओठ वाकडे झाले होते, त्यातून त्यांनी तो शब्द जपून, लांबवून, घोकून पाठ केलेल्या पोरासारखा म्हटला.

"ईऽर."

सोमीनं पेला त्यांच्या ओठांना लावला.

"बरोबर," ती म्हणाली.